प्रयागची तहान

टेंभुर्णीत माझं पहिलं स्वागत एका पितळी तांब्यानं झालं. जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझी शिक्षिकेची नोकरीही तितकीच नवी होती. एस्टीतून उतरून ट्रंक ओढत मी आप्पांच्या घरी पोचले. त्यांची रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली होती. ओसरीवर सतरा-अठरा वर्षांची एक किडकिडीत मुलगी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडे बघितलं, आणि तांब्या पुढे केला.

"आधी पाणी प्या. मंग नाव सांगा."

मी तशी तिखटच. ही कोण लागून गेली मला हुकूम सोडणारी, असं मनात आलं. पण उन्हानं घसा कोरडा पडला होता, म्हणून मुकाट्यानं प्यायले. ती मान तिरपी करून ऐकत होती. तांब्या खाली ठेवला तशी म्हणाली, "मास्तरीण दिसता. चिमणीवाणी पिता. आमच्याकडं घटाघटा प्यायचं, कोणी बिल मागत न्हाई."

ही प्रयाग, आप्पांची मुलगी. मराठवाड्यात मुलींना तीर्थांची नावं ठेवतात, त्यातलंच हे एक. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी कोणाच्याही घरी कोणी पाण्याचा पेला पुढे केला की मला ती ओसरी आठवते.

त्या घरात पाणी हा मोठा विषय होता. दाराशी एक रांजण कायम भरलेला असायचा, वाटसरूंसाठी. तो भरला की नाही ते प्रयाग हात बुडवून बघायची. शेतावरचा गडी असो, पोस्टमन असो, नाहीतर चुकून आत शिरलेला जीपवाला, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी पिलं का?" आणि माणूस पीत असताना ती कान लावून बसायची. आप्पा कसे पितात, शेजारची यमुना कशी पिते, सगळं तिला पाठ होतं. पिंपळगावच्या मामांची ती नक्कल करायची. मामा तोंड न लावता वरून धार सोडायचे, तीन घोट गटक गटक, मग थांबायचे, जणू चव तपासताहेत, मग पुन्हा तीन, आणि शेवटी "आऽऽ" असं लांबलचक. "आमचा मामा पाणी पेला की शिवंवरच्या बैलालाबी कळतं," असं म्हणून ती स्वतःच खूप हसायची.

ती स्वतः मात्र सारखी पाणी प्यायची. रात्री उशाशी घागर असायची आणि सकाळी ती रिकामी.

तिला सातव्या वर्षी साखर निघाली होती. आमच्याकडे मधुमेह म्हणत नाहीत, साखर निघाली असंच म्हणतात, शेतात विहिरीला पाणी निघाल्यासारखं. इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, जोंधळ्याच्या कणगीमागे, सगळ्यात गार कोपऱ्यात. काचेची सिरिंज आणि सुई रोज सकाळी चुलीवर उकळायची. मी चहासाठी आत गेले की ती म्हणायची, "बाई, तुमचा चहा अन् माझी सुई एकाच जाळावर. पुढच्या जन्मी अदलाबदल करू." सुई ती स्वतःच टोचून घ्यायची. मी तोंड फिरवायचे. त्यावरूनही मला बोलणी खावी लागायची.

साखरेनंतर काही वर्षांनी डोळे गेले. एकदम नाही. आधी रंग गेले. लाल मिरची आणि हिरवी मिरची तिला सारखीच दिसू लागली, मग समोरचं दिसेना, कडेचं दिसे. म्हणून ती माणसाच्या बाजूला बघायची. शाळा पाचवीत सुटली, कारण फळ्यावरचं वाचता येईना आणि मास्तरांना वाटलं पोरगी आळशी आहे. हे सांगताना ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या डावीकडे, अशी बघायची की जणू तो मास्तर मीच होते.

तिच्याआधी एक भाऊ होता, नामदेव. त्याची गोष्ट मला तिनं सांगितली नाही, तिच्या आईनं, रुक्मिणकाकूंनी सांगितली, तीही जात्यावर बसून, माझ्याकडे पाठ करून. नामदेव दिवसभर पाणी मागायचा आणि रात्री अंथरूण भिजवायचा. गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं की पोराला पाण्याची खोड लागली आहे, पाणी तोडा. मग घरातल्यांनी पाणी कुलपात ठेवलं. पोर गोठ्यात जाऊन बैलांच्या डोणीला तोंड लावायचं, तर तिथूनही ओढून आणायचे. अशातच एका उन्हाळ्यात तो गेला. "पाणी म्हणत गेला ओ," काकू म्हणाल्या, "अन् म्या दिलं न्हाई. लेकराच्या भल्यासाठी दिलं न्हाई." जातं फिरत राहिलं. दारातला रांजण कोणाचा, ते मला त्या दिवशी समजलं.

धाकटा सुधाकर मात्र ठणठणीत होता. गावभर सायकल उडवायचा, बहिणीला चिडवायचा आणि तिची घागर न सांगता भरून ठेवायचा.

मी तिथं राहायला आल्यावर सहा-सात वर्षांनी एक गंमत घडली. गंमतच वाटली आम्हाला तेव्हा. दुपारची वेळ, आप्पा ओसरीवर सुपारी कातरत होते, काकू जोंधळा पाखडत होत्या. प्रयाग घाबऱ्या आवाजात म्हणाली, "माय, तुझ्या बांगड्या कुठं गेल्या?"

सुवासिनीच्या बांगड्या गेल्या म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. आप्पा अडकित्ता हवेत धरून बसले. "अगं, म्या हितं जिता बसलोय!" काकूंनी घाईघाईनं दोन्ही हात हलवले. हातभर हिरव्या बांगड्या किणकिणल्या. मला ऐकू आल्या, आप्पांना ऐकू आल्या. प्रयाग म्हणाली, "हलीव ना मंग." काकू हलवतच होत्या.

त्यानंतर कोणी हसलं नाही. बारीक आवाज आधी गेले होते. बांगड्या, चिमण्या, माझ्या शाळेची घंटा. आप्पांचा ढाला, खर्जातला आवाज तेवढा अजून पोचत होता. आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून ती दिवसेंदिवस मोठ्यानं बोलू लागली होती. कुजबुजायची तेही पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. आम्हाला त्याची सवय झाली आणि तिला कोणी सांगितलं नाही.

आप्पांनी औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्याचा पत्ता काढला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. डॉक्टर विंग्रजीत बोललं तर आम्ही कुठं पुरे पडणार?" जाफराबादहून एस्टीनं आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, दमलेले, पण घाई न करणारे. त्यांनी साखर, डोळे, कान सगळं पुन्हा तपासलं. तहानेचं विचारलं, बराच वेळ विचारलं. मग आप्पांना म्हणाले, "तुम्ही आणि बायको नात्यातले का?"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग! सख्ख्या मामाचीच पोरगी केली ना. घरातली घरात. बाहेर जायचं कामच न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ही चार दुखणी नाहीत, एकच आहे. साखर, नजर, कान आणि साखरेपलीकडची ती वेगळी तहान, सगळ्यांचं मूळ एक. ते जन्मताना येतं. आईकडून अर्धं, बापाकडून अर्धं. नुसतं अर्धं असलेल्या माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही. दोन अर्धी एका लेकरात भेटली की हे होतं. एकाच घराण्यातली दोन माणसं लग्न करतात तेव्हा ती भेटण्याचा धोका वाढतो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, वोल्फ्रम सिंड्रोम. आप्पांना ते म्हणता येईना. मीही तीनदा विचारून लिहून घेतलं. त्यावर औषध नाही, म्हणाले. साखर सांभाळा, तहानेसाठी नाकात टाकायचं एक औषध देतो, आणि पाणी कधीही तोडू नका.

शेवटचं वाक्य ऐकून आप्पा उठून बाहेर गेले.

परतीच्या एस्टीत खिडक्यांचा खडखडाट चालला होता. प्रयागला काही ऐकू येईना. तिनं माझा हात धरून आपला तळवा उघडला. "लिहा. डॉक्टर काय बोलला ते सगळं लिहा. पाचवीपर्यंत शिकलेय मी." मी बोटानं तिच्या तळहातावर लिहू लागले. गाडी आदळायची आणि अक्षर मनगटापर्यंत जायचं. ती म्हणायची, "परत." सिल्लोड जाऊन भोकरदन आलं तरी मी लिहीतच होते.

सगळं लिहून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे काणी."

जोंधळ्याच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, ती काणी. पेरताना बियाणं अगदी चांगलं दिसतं. "आप्पा दरसाली घरचं बी ठेवत न्हाईत," ती म्हणाली. "परगावाहून बदलून आणतात. जोंधळ्याचं कळतं आप्पाला." मग म्हणाली, "सुधाकरच्या अंगातबी असंल का अर्धं?"

मी लिहिलं, असेल.

"अन् मामाच्या मंगलच्या?"

मी पुन्हा तेच लिहिलं. तिनं मूठ मिटली. पुढे ऐकायचं नसलं की ती मूठ मिटते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नंतर आमच्या भांडणात तर ती ऐन माझा मुद्दा आला की मूठ मिटून घ्यायची, आणि मी चरफडत बसायचे.

मंगल म्हणजे कुंभार पिंपळगावच्या मामांची मुलगी. तिच्या बारशातच काकूंनी तिच्या कपाळी कुंकू लावून सुधाकरसाठी मागून ठेवली होती. दर उन्हाळ्यात ती टेंभुर्णीला यायची. प्रयागची वेणी घालायची, तिला शेतात न्यायची, ताटात कुठं काय वाढलं आहे ते तिचं बोट धरून दाखवायची. तळहातावर लिहायलाही ती सगळ्यांत आधी शिकली. एकदा माझ्यासमोरच तिनं लिहिलं, सून होऊन मी आले की तू माझ्याजवळ राहायचं. प्रयागनं दोन दिवस तो हात धुतला नाही, असं ती मला सांगायची. खोटं असेल, पण सांगताना तिचा चेहरा मी पाहिला आहे.

मला वाटलं होतं आप्पा आता ते लग्न मोडतील. पण तसं काही झालं नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाले, "बाई, आम्ही दोघं किती दिवस पुरणार? परक्याची पोरगी हिला सांभाळंल का? मंगल आपल्या हाडामासाची हाये. डॉक्टरला काय, तो सांगून मोकळा." काकूंना तर त्यांनी डॉक्टरांचं बोलणं पुरतं सांगितलंही नव्हतं.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. पिंपळगावहून जीप भरून माणसं आली. ओसरीवर सतरंजी अंथरली, पंच बसले, मामा नवा फेटा बांधून मधोमध. पेल्यांचं ताट फिरायच्या बेतात होतं. मी आत काकूंना हाताखाली मदत करत होते. तेवढ्यात प्रयागनं आप्पांना आत बोलावलं. मधल्या दाराआड त्यांना उभं केलं, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि तिच्या समजुतीनं ती कुजबुजली.

"आप्पा, मंगलला या घरात आणू नका."

बाहेरचं बोलणं थांबलं. आप्पांनी तिच्या तोंडावर हात धरायला हवा होता, मीही धावायला हवं होतं, पण दोघंही खिळल्यासारखे उभे राहिलो. तिला वाटत होतं आपण हळू बोलतोय.

"मला ठाव हाये तुम्ही माझ्यापायी करून राह्यले. मला मंगल पाहिजे आप्पा. या घरात माझ्याइतकी कोणालाच पाहिजे न्हाई. ती आली तर माझ्या हाताला भाकर लागंल, मी कोणाला जड होणार न्हाई. पण तिच्या पोटी नामदेव आला तर? डॉक्टर बोलला ना, दोन्ही घरात काणी हाये. मी हाये तशी हाये, माझं काही म्हणणं न्हाई, मी हसते, खाते, भांडते. पण ही तहान बिलकुल कोणाला नको. तुम्ही मामाला हळूच सांगा. चारचौघात नको. मायला तर कळूच देऊ नका."

काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या. पेल्यांचं ताट त्यांच्या हातातच होतं.

ओसरीवर मामा उठले होते. "माझ्या पोरीत काणी हाये व्हय?" त्यांचा आवाज फाटला. "बहिणीच्या घरात, पंचांसमोर, माझ्या पोरीला नासकं बी म्हणवून घ्याया आल्तो मी?" आप्पांनी हात जोडले, डॉक्टरांचं नाव घेतलं, पण तोंडातून धड वाक्य निघेना. काकू ताट घेऊन भावासमोर गेल्या. मामांनी पेल्याकडे पाहिलं. "आजपासून या घरचं पाणी मला चालत न्हाई," ते म्हणाले, आणि जीप जशी आली तशी गेली.

प्रयागला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. पावलांनी जमीन हादरली तेवढं तिला जाणवलं. माझ्यापुढे तळवा धरून तिनं विचारलं, "काय झालं? आप्पा बोलले का मामाला? मामानं पाणी पेलं का?" मी लिहिलं, नाही. तिनं मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

पुढचे दिवस वाईट होते. काकूंचं माहेर तुटलं. भाऊबीजेला त्यांनी पाट मांडला आणि परत उचलून ठेवला. "तुला हळू बोलायला काय झालं होतं?" असं त्या एकदा लेकीवर ओरडल्या, आणि तेही तिला ऐकू गेलं नाही, तेव्हा तिथंच बसून रडल्या. प्रयाग चाचपडत आली आणि आईला तांब्या दिला. काकू पाणी प्यायल्या. तिच्याशी मात्र बऱ्याच दिवसांनी बोलल्या.

सुधाकरचं लग्न बुलढाण्याकडच्या शोभाशी झालं. काही नातं नाही, गोत्र नाही, ओळखही नाही. ती पोर पहिले काही महिने प्रयागला भ्यायची. ताट ठेवायची आणि निघून जायची. प्रयाग मला म्हणायची, "ताट बराबर ठेवते. तेवढं पुरं हाये." मंगल असती तर, हे आम्ही कोणी बोलत नव्हतो, पण मनात सगळ्यांच्याच होतं.

मग शोभाला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. ती मोरीजवळ बसली की प्रयाग भिंत धरून यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि तांब्या घेऊन थांबायची. एक दिवस शोभानं तिचा हात ओढला आणि तळव्यावर काहीतरी गिरवलं. चौथी शिकलेली पोर, अक्षर वाकडंतिकडं. प्रयाग ओरडत माझ्या खोलीत आली. "बाई, वहिनी बोलली! मीठ, म्हणली! आमटीत मीठ बराबर हाये का विचारून राह्यली!" मला वाटतं नणंद-भावजयीच्या नात्याची इतकी झकास सुरुवात दुसरीकडे कुठं झाली नसेल.

पुढे माझी जालन्याला बदली झाली. मुलगा झाल्याचं कळलं. तो अडीच वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात पाण्यासाठी हट्ट धरायला लागला, तेव्हा अख्खं घर त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावलं होतं. काही नव्हतं. ऊन होतं, म्हणून तहान होती. सुधाकर सांगत होता की घरी येऊन शोभानं हातावर लिहिलं, नुसती तहान आहे, तर ताईनं तिला तेच पुन्हा पुन्हा लिहायला लावलं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते सुधाकरच्या धाकटीच्या जावळाला. प्रयाग फार वाळली होती. चालताना तोल जायचा, कानांना काही ऐकू येत नव्हतं, डोळ्यांपुढे उजेड-अंधार तेवढा. पण बसलेली रांजणाशेजारीच, तांब्या घेऊन. आता ऐकता येत नाही म्हणून तिनं नवी खोड काढली होती. पोरं पाणी प्यायला लागली की ती त्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायची. घोट बोटांखालून जायचा आणि ती हसायची. पोरांनाही गुदगुल्या व्हायच्या.

दुपारी मंगल आली. तिचं लग्न परतूरकडे झालं होतं. बरोबर चारेक वर्षांची गोबरी मुलगी, आणि मागे, अंगणाच्या कडेला, फेटा हातात घेऊन मामा. थकले होते. मंगल मला बाजूला घेऊन, वडिलांकडे बघत म्हणाली, "चुलत्यानं घरातलीच सून केल्ती ना बाई. त्याच्या नातवाला साखर निघाली, अन् आता पाटीवरचं दिसंना झालंय. तवापासून आमचे दादा म्हणून राह्यले, एकदा टेंभुर्णीला ने." काकू दारात भावाला बघून तशाच उभ्या राहिल्या.

मंगलची पोर धिटुकली. ती सरळ प्रयागपाशी गेली आणि तांब्याला हात घातला. प्रयागनं तिला पाणी दिलं, बोटं गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "नवी दिसती! कोणाची गं तू?" मंगलनं पुढे होऊन तिच्या हातावर आपलं नाव लिहिलं. मग दोघी नुसत्याच एकमेकींना धरून बसल्या.

मामा हळूहळू पुढे आले. प्रयागसमोर उकिडवे बसले. ते शाळेत गेलेले नव्हते, त्यांना लिहिता येत नव्हतं. बोलले असते तर तिला ऐकू आलं नसतं. मामांनी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला, तिचा दुसरा हात उचलला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. मग मान वर करून पाण्याची धार सोडली.

तीन घोट गेले. ते थांबले. मग पुन्हा तीन.

प्रयागचा चेहरा आधी विचारात पडलेला होता, मग तो उजळत गेला. मिशांवर, सदऱ्यावर पाणी सांडत होतं, आणि त्यातलं सगळंच तांब्यातलं नव्हतं. "मामा," ती तिच्या त्या कुजबुजीत म्हणाली, अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "मामा, अजून देऊ का?"